धुरासाठी दुसरं कार्ड

"तू फिजिक्सची ना, मग तूच सांग." हे वाक्य गेल्या वर्षात मी इतक्यांदा ऐकलं की आता कुणी नुसतं "तू फिजिक्सची" म्हणालं तरी माझ्या कपाळाला आठ्या पडतात. मी ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. घर्षण, लोलक, भिंगं, विद्युतप्रवाह. कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये धूर कसा उडावा, याच्याशी माझा काडीचाही संबंध नाही. हे मी नवऱ्याला सांगितलं, दिराला सांगितलं, पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानदारालासुद्धा सांगितलं. एकाच्याही डोक्यात ते शिरलं नाही.

नवरा चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. गाड्यांचे पत्रे दाबणारी प्रेस बंद पडली की आधी त्याला फोन येतो. आम्ही राहतो संत तुकाराम नगरात. तो, मी आणि सासूबाई. त्याला तंबाखूचं व्यसन नाही, मित्रांबरोबर बसायची सवय नाही. फर्स्ट शिफ्ट करून आला, चहा घेतला, की तासभर गेम. माझी त्याबद्दल कधीच तक्रार नव्हती. उलट त्या तासात माझे पेपर तपासून व्हायचे.

त्यातही एक जुना गेम त्याच्या विशेष जिवाचा. एक ओसाड बंदर आहे, आणि लांब कोट घातलेला एक माणूस त्यात कुणालातरी शोधत फिरतो. कॉलेजच्या वयात हा आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघांनी मिळून तो गावच्या घरी एकाच कॉम्प्युटरवर खेळलेला. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं बाजूला बसून "डावीकडं बघ, डावीकडं" असं ओरडायचं. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा हे ओरडणं चालूच होतं, म्हणून मला तो गेम न खेळताही पाठ आहे.

जुना कॉम्प्युटर एक दिवस बंद पडला तो उठलाच नाही. बरेच दिवस मन मारून काढल्यावर नवऱ्यानं नवा घेतला. नवीन ग्राफिक्स कार्ड, चकचकीत कॅबिनेट, आत रंगीबेरंगी दिवे. नवे गेम त्यावर लोण्यासारखे चालले. मग त्यानं मोठ्या हौसेनं तो जुना गेम लावला. पहिल्याच गल्लीत कोटवाल्या माणसानं एक काच फोडली आणि सगळं चित्र अडखळलं. धूर आला की माणूस जागच्या जागी गोठायचा, दोन पावलं टाकायचा, परत गोठायचा. बंद पडलेल्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर हेच मस्त चालत होतं.

"नव्यावर जास्त वाईट? हे कसं काय?" नवरा माझ्याकडे असा बघत होता, जणू ते कार्ड मीच बनवलंय.

पुढचे काही दिवस त्यानं मोबाइलवर वाचून वाचून कारण शोधलं. गेममध्ये काच फुटली की तुकडे कुठे उडायचे, झेंडा कसा फडफडायचा, धुरातून माणूस गेला तर धूर कसा बाजूला सरायचा, हे सगळं गणित असतं, आणि त्याला गेमवाले फिजिक्सच म्हणतात. त्या काळात हे गणित ग्राफिक्स कार्डाकडून करून घ्यायची एक पद्धत निघाली होती. त्याच्याही आधी म्हणे नुसत्या या गणितासाठी वेगळं कार्ड विकत मिळायचं. नव्या कार्डांनी जुन्या गेमचं ते गणित करायचं सोडून दिलं होतं. मग सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर पडतं, आणि त्याला ते झेपत नाही.

"गेमच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतं का?" मी विचारलं.

"येतं."

"मग करा की बंद."

"अगं, मग धूर नाही, कागद उडत नाहीत, झेंडा पत्र्यासारखा ताठ. त्यात काय मजा?"

उपाय एकच होता, असं त्याचं म्हणणं. नव्या कार्डाच्या जोडीला एक जुनं, लहान कार्ड बसवायचं. त्यानं दुसरं काहीही करायचं नाही, फक्त धुराचं आणि झेंड्याचं गणित करायचं. "हे घेण्यासारखं आहे का? तू फिजिक्सची ना, मग तूच सांग."

मी सांगितलं, की घेऊ नका. एका गेमसाठी, तोही संपवलेला, कार्ड घ्यायचं म्हणजे लग्नात एकदाच घालायच्या शेरवानीसाठी कपाट करून घेण्यातला प्रकार. त्यानं मान डोलावली. विषय संपला, असं मला वाटलं.

तो संपला नाही याचं कारण माझा दीर. तो माण गावातल्या आयटी कंपनीत आहे, राहायलाही तिकडेच. दर रविवारी आईला भेटायला आमच्याकडे येतो. आणि त्या वेळी दोघा भावांचं बोलणं बंद होतं.

बोलणं बंद व्हायला निमित्त झालं सासूबाईंच्या गुडघ्याचं. डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितला होता. दिराचं मत, वाट बघायची नाही, त्याच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे लगेच करून टाकायचं. नवऱ्याचं मत, आधी घराजवळच्या डॉक्टरांकडे दुसरा सल्ला घ्यायचा. वाद घरात झाला असता तर मिटला असता. तो झाला चुलत नणंदेच्या साखरपुड्यात, जेवणाच्या पंगतीला, सगळ्या भावकीसमोर. नवरा म्हणाला, "दोन महिन्यांनी केला तरी चालंल." त्यावर दीर म्हणाला, "दादा, आईचा गुडघा म्हणजे तुझ्या प्लँटमधलं बेअरिंग न्हाई, वाटलं तवा काढलं आन् बसवलं." दोन-तीन लोक हसले. नवऱ्यानं हातातला घास ताटात ठेवला आणि तो उठला. त्यानंतर तो भावाशी एक शब्द बोलला नाही. गुडघा तसाच राहिला, कारण ठरवायचं दोघांनी आणि दोघं तर बोलतच नव्हते. सासूबाई भिंतीला धरून संडासापर्यंत जायच्या आणि कुणालाच काही म्हणायच्या नाहीत.

रविवारी दीर यायचा, आईच्या पलंगावर बसायचा. नवरा त्याच खोलीत पेपर उघडून बसायचा. आणि मध्ये मी.

"वहिनी, दादाला म्हणावं, पाण्याची टाकी ओव्हरफ्लो होतीये."

"त्याला सांग, मला कान आहेत."

अशा एका रविवारी सासूबाईंनीच कार्डाचा विषय काढला. "ह्याचा त्यो गेम बंद पडलाय. धूर न्हाई म्हणं येत."

दिराला सगळं एका क्षणात कळलं. तो माझ्याकडे बघून हसला. "वहिनी, दादाला सांगा, फिजिक्ससाठी वेगळं कार्ड घेणं हा शुद्ध येडेपणा आहे. तेव्हाही होता, आताही आहे. सेटिंग बंद करायचं आन् खेळायचं."

अगदी हेच मी सांगितलं होतं. तेव्हा नवऱ्याला पटलं होतं. पण आता ते धाकट्याच्या तोंडून आलं, आणि नवऱ्याचा पेपर खाली आला. "साहेबांना सांग, मी कार्ड घेणार आहे. उद्याच."

दुसऱ्या दिवशी मला पिंपरी कॅम्पात जावं लागलं, कारण नवऱ्याच्या मते दुकानदार काही शास्त्रीय बोलला तर मला कळेल. गल्लीत दुचाकी लावायला जागा नाही, दुकानात उभं राहायला जागा नाही. दुकानदारानं ऐकून घेतलं आणि तो हसला. "भाऊ, फिजिक्ससाठी अलग कार्ड? हे आता कोण विचारतंय? एवढ्यात तुम्हीच पहिले." मग आतून धूळ बसलेलं एक वापरलेलं कार्ड काढून आणलं. "हे घेऊन जा. चाललं पाहिजे."

"चालेल की चाललं पाहिजे?" मी विचारलं.

"मॅडम, जुना माल आहे. तुम्ही काय करता?"

"ह्या फिजिक्सच्या आहेत," नवरा अभिमानानं म्हणाला.

"मग तर तुम्हालाच कळतंय," दुकानदार म्हणाला, आणि कार्ड पिशवीत घालून मोकळा झाला.

घरी आल्यावर कॅबिनेट उघडलं. नवं कार्ड इतकं जाडजूड, की दुसऱ्यासाठीची फट त्यानं अर्धी झाकून टाकलेली. नवऱ्यानं कॅबिनेटचा पत्रा काढूनच ठेवला, मधल्या दोन वायरी चिमट्यानं बाजूला बांधल्या आणि कार्ड बसवलं. चालू केल्याबरोबर आतला पंखा असा घोंघावायला लागला की सासूबाईंनी मालिकेचा आवाज वाढवला. एवढं सगळं होऊन कॉम्प्युटर त्या कार्डाला ओळखेचना. ते इतकं जुनं होतं की आत्ताच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, यादीतून त्याचं नाव कधीच गेलेलं. आणि जुना ड्रायव्हर टाकावा तर नवं कार्ड बंद. दोघांना चालेल असा एक ड्रायव्हर हवा, म्हणजे फार जुनं नाही आणि फार नवं नाही असं कार्ड हवं. हे मला कसं माहीत, असं विचारू नका. पुढचा आठवडाभर जेवताना दुसरा विषयच नव्हता.

पुढच्या रविवारी दीर आला तेव्हा पत्रा काढलेलं कॅबिनेट हॉलच्या कोपऱ्यात पंखा फिरवत बसलं होतं. त्यानं आत डोकावून बघितलं. त्याला हसू आवरलं नाही. निघताना दारात मला म्हणाला, "वहिनी, माझ्याकडं जुनं एक पडलंय कपाटात. मधल्या काळातलं. त्याला चालंल हे."

"मग तुम्हीच सांगा की त्यांना."

"तुम्ही सांगा ना."

मी सांगितलं. नवरा म्हणाला, "नको." थोड्या वेळानं म्हणाला, "कुठलं मॉडेल आहे, विचार." मी फोन करून विचारलं. मग "त्याला पॉवरची वेगळी वायर लागते का, विचार." मी परत फोन केला. मग दिराचा उलटा फोन, "दादाचा पॉवर सप्लाय केवढा आहे, बघा." मी ओट्यावर कणीक मळत होते. हात धुतले, कॅबिनेटपुढे गुडघे टेकून बसले, स्टिकरवरचे बारीक आकडे वाचले, सांगितले. शेवटी "साहेबांना म्हणावं, घेऊन ये," असा निरोप गेला. तोही उपकार केल्यासारखा.

रविवारी दीर कार्ड घेऊन आला. ते त्यानं माझ्या हातात दिलं. मी ते नवऱ्याच्या हातात दिलं. दोघांमध्ये एका हाताचंही अंतर नव्हतं.

"त्याला सांग, स्क्रू कुठलाय याचा?"

"वहिनी, दादाला म्हणावं, आधी खालची पिन बसव."

"त्याला सांग, मी रोज दोनशे टनी प्रेस उघडतो, मला पिन शिकवू नको."

"वहिनी, दादाला म्हणावं..."

तिथे माझं डोकं फिरलं. कॉलेजात मी कधी आवाज चढवत नाही, त्याची भरपाई एका दमात झाली. "मी तुमच्या दोघांमधली वायर नाही! त्याला म्हणावं, ह्याला सांग, त्याला विचार! आठ महिने झाले! एकाला बोलायला लाज वाटते, दुसऱ्याला माफी मागायला लाज वाटते, आणि मी कार्डांची मॉडेलं पाठ करत बसलेय! आता मी भाजी आणायला चाललेय. माझ्यामागं इथं काय बोलायचं ते एकमेकांशी बोला, नाहीतर दोघंही गप बसा." मी पिशवी उचलली आणि खरंच गेले. भाजी घरात होती. मी मंडईत उगीच दोन चकरा मारल्या, नको असलेला दुधी घेतला, ओळखीची एक बाई भेटली तिच्याशी तिच्या पाइपलाइनच्या तक्रारीवर बराच वेळ बोलले.

परत आले तर जिन्यातच आवाज ऐकू आला. भांडण. शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या होत्या.

"तुला कुणी सांगितलं सेटिंगमधला तो बॉक्स टिक करायला?" हा नवऱ्याचा आवाज.

"अरे, टिक केल्याशिवाय दुसऱ्या कार्डाला काम कोण देणार? तुझा मुकादम?"

"माझ्या प्लँटचं नाव काढू नको!"

"मग कशाचं काढू, दादा? तूच म्हणाला ना, मला काही कळत न्हाई!"

"त्या दिवशी सगळ्यांपुढं मला बेअरिंग कोण म्हणालं?"

मी दारात चप्पल काढत होते. दीर खाली बघून म्हणाला, "गुडघ्याला म्हणलो होतो बेअरिंग. तुला न्हाई." मग जरा वेळानं, "चुकलं ते. तिथं बोलायला नको होतं."

नवऱ्यानं माउस हातात घेतला आणि गेम चालू केला.

कोटवाला माणूस गल्लीत शिरला. त्यानं काच फोडली. तुकडे उडाले, जमिनीवर आपटून घरंगळले, एकही न अडखळता. वाऱ्याबरोबर जुनी वर्तमानपत्रं गल्लीतून उडत गेली, एक त्याच्या पायाला क्षणभर चिकटलं आणि सुटलं. तो धुरातून चालत गेला तेव्हा धूर त्याच्या खांद्यांवरून दोन बाजूंना फाटला आणि मागे परत जुळला. फिजिक्सची बाई म्हणून सांगते, झेंडा चुकीचा होता. इतक्या जड कापडाचा झेंडा तेवढ्या वाऱ्यावर असा फडफडणार नाही. पण मी ते बोलले नाही. दिसत होतं छान. खोटं कशाला बोलू?

"डावीकडं बघ," दीर म्हणाला.

"बघतोय."

तेवढ्यात पलंगावरून सासूबाईंचा आवाज आला. "आता तोंडं उघडी हायेत तवर माज्या गुडघ्याचं बी बोलून घ्या. मला रोज भित्ताड धरून जायाला लागतंय."

दोघंही वळले. आणि पुन्हा भांडले, डॉक्टरांवरून, अगदी त्याच मुद्द्यांवर. फरक एवढाच की या वेळी ते एकमेकांशी भांडत होते आणि माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं. शेवटी ठरलं की दुसरा सल्ला याच आठवड्यात घ्यायचा, दोघांनी सोबत जायचं, आणि त्या डॉक्टरांनी हो म्हटलं की महिन्याच्या आत करायचं. डॉक्टरांनी हो म्हटलं. ऑपरेशन झालं. दवाखान्यात रात्री कुणी थांबायचं यावरूनही दोघं भांडले, पण दोघांनाही थांबायचं होतं म्हणून. सासूबाई आता वॉकर घेऊन गॅलरीत जातात आणि खालच्या भाजीवाल्याशी वरूनच भाव करतात.

इथे हे सगळं संपायला हवं होतं. पण कॉम्प्युटरवाल्यांच्या जगात काहीच संपत नाही.

थोड्या महिन्यांनी दिराचा फोन आला, आता थेट नवऱ्याला. कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं नवा ड्रायव्हर काढला होता. काही जुन्या गेमचं ते गणित त्यांनी नव्या कार्डांवर परत चालू केलं होतं. त्यात आमचा गेम होता. म्हणजे ज्या धुरासाठी पिंपरी कॅम्प झालं, पत्रा निघाला, पंखा घोंघावला, मी मंडईत चकरा मारल्या, तो धूर आता फुकट मिळणार होता, नुसतं अपडेट दाबून. थांबलो असतो तर काहीही करावं लागलं नसतं.

"मग टाका ते अपडेट आणि काढा ते दुसरं कार्ड," मी म्हणाले. "तो पंखा तरी बंद होईल."

"काढावंच लागेल," नवरा म्हणाला. "नव्या ड्रायव्हरला हे मधलं कार्ड ओळखू येत न्हाई आता."

मी कपाळावर हात मारला. ज्या कार्डासाठी एवढं केलं, त्याला तोच ड्रायव्हर घराबाहेर काढत होता जो धूर परत आणत होता.

गेल्या रविवारी दोघांनी मिळून कार्ड काढलं. पत्रा परत लागला, आवाज थांबला, हॉलमध्ये पहिल्यांदाच मालिका नीट ऐकू आली. गेम लावला. काच फुटली, तुकडे उडाले, कागद उडाले, धूर फाटला आणि जुळला. मला तरी काडीचा फरक दिसला नाही. कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. फिजिक्ससाठी वेगळं कार्ड घेऊ नका. जुना गेम अगदीच जिवाचा असेल तर वाट बघा, नाहीतर सेटिंग बंद करा आणि झेंडा ताठ राहू द्या. कार्ड घेऊन काय होतं, ते मी जवळून बघितलंय.

नवरा स्क्रीनकडे बघत होता. दीर त्याच्या खुर्चीच्या पाठीला टेकून उभा होता.

मग नवरा म्हणाला, "पहिला धूर जास्त दाट होता राव."

दीर पुढे वाकला, डोळे बारीक करून बघत राहिला. "व्हय. मलाबी तसंच वाटतंय."

"कुठलाही दाट नव्हता!" मी स्वयंपाकघरातून ओरडले. "तोच धूर आहे! तेच गणित आहे!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नवऱ्यानं ड्रॉवरमधून स्क्रू ड्रायव्हर काढला, दिरानं कॅबिनेट स्वतःकडे ओढलं, आणि दोघंही परत पत्रा उघडायला बसले.